कोणाची हरकत?

देवरे सर गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. मी मेथी निवडत होते. आमच्या जुन्या संस्थेचा ग्रुप. त्यावर एरवी गुड मॉर्निंगची फुलं नाहीतर कुणाच्या मुलीचं बारावीचं यश, असलंच काही येतं. त्यात मध्येच एक ओळ, 'देवरे सरांचं काल नामपूरला निधन झालं.' खाली भराभर जोडलेले हात. मी फोन उपडा ठेवला आणि उरलेली मेथी निवडली. मग ती धुतली, भाजी केली. जेवताना नवरा म्हणाला, "आज मीठ नाही का घातलं?" तेव्हा मी म्हटलं, "देवरे सर गेले." तो म्हणाला, "कोण, ते हरकतवाले?" म्हटलं, "हो, तेच."

कोणी म्हणेल, इतकी वर्षं एका खोलीत बसून काम केलंस आणि काहीच कसं वाटलं नाही गं? काय सांगू. रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. दात काढल्यावर गाल कसा होतो, तसं झालंय. हात लावला की आपलाच आहे हे कळतं, पण कळ येत नाही. आणि हे काही आजचं नाही. इगतपुरीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात ते सुरू झालं आणि राहून गेलं.

शरणपूर रोडला चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. पाटीवर 'सुशासन' असा मोठा शब्द होता, तरी जिना चढून येणारा दर दुसरा माणूस डोळे कुठे तपासतात तेच विचारायचा. आमचं काम असं, की गावोगाव जाऊन लोकांना ग्रामसभेचा कायदा समजावून सांगायचा, त्यांना काय अडचणी येतात ते ऐकायचं, आणि नियमांत काय बदलायला हवं ते सरकारला कळवायचं. संस्था मॅडम चालवायच्या, अहवाल मी लिहायचे, आणि खरं काम देवरे सर करायचे. मूळचे नामपूरचे. सटाण्याला बरीच वर्षं वकिली केलेली. ती का सोडली असं विचारलं, की म्हणायचे, "तारखा मागून मागून तोंड दुखलं हो." पुढे काही नाही.

उंच, पाठीत जरासा वाकलेला माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम बंद पडलेलं. टाकून द्या म्हटलं तर म्हणायचे, "असू द्या, दुसऱ्याला सोबत." रागावले की थेट अहिराणीत जायचे. प्रिंटरने कागद गिळला की त्याच्यासमोर उभं राहून "हाई काय शे?" असं विचारायचे, ते इतक्या दुःखाने की हसावं का सांत्वन करावं, कळायचं नाही.

आणि ती हरकत. अरे देवा, ती हरकत!

"चहा सांगतोय. कोणाची हरकत?" असं म्हणून ते थांबायचे. थांबायचे म्हणजे खरोखर थांबायचे. आपण मान खाली घालून टाइप करतोय, तरी हे दारात उभेच. "अहो सर, सांगा ना एकदाचा!" असं कोणी खेकसल्याशिवाय खालच्या टपरीवाल्याला हाक जायची नाही. पंखा बंद करायचा तर हरकत, डबा लवकर उघडायचा तर हरकत. एकदा घोटीच्या एसटीत त्यांना खिडकी उघडायची होती. उठून उभे राहिले आणि अख्ख्या गाडीला विचारलं, "खिडकी उघडतोय. कोणाची हरकत?" माणसं बघायला लागली. मला तर वाटलं, चालत्या गाडीतून उतरावं. मागच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, "उघड रे बाबा, पन खाली बस, पडशील." कंडक्टरला चेव आला. तो म्हणाला, "काका, तुमचं तिकीट फाडू का? कोणाची हरकत?" गाडी हसली. सर हसले नाहीत. म्हणाले, "बरोबर विचारलंत. फक्त थोडं थांबायला पाहिजे होतं."

हे खूळ कुठून आलं, ते गावातल्या सभा बघितल्यावर मला कळलं. अध्यक्ष ठराव वाचतो आणि त्याच श्वासात म्हणतो, "हरकत नाही ना कोणाची, मंजूर!" लोक उठायला लागतात. ज्याला बोलायचं असतं, त्याचं तोंड उघडेपर्यंत सतरंजी गुंडाळलेली असते. सरांचं म्हणणं एवढंच, की नियमात एक ओळ घाला. ठराव वाचल्यावर अध्यक्षाने हरकत विचारावी आणि उत्तराची वाट पाहावी. कायदे सुधारण्यासाठी सरकार सूचना मागवायचं, तेव्हा दर वेळी आमच्या लांबलचक टिपणात शेवटी सरांची ही ओळ असायची. मॅडम म्हणायच्या, "देवरे, वाट पाहावी हा काय कायदा झाला?" सर म्हणायचे, "मॅडम, बाकी सगळे कायदे झालेत. हाच राहिलाय."

सभेला उभे राहण्याआधी ते मनगटावरचं घड्याळ काढून पँटच्या खिशात टाकायचे. "हातावर असलं की नजर जाते. नजर गेली की माणूस गडबडतो," म्हणायचे. मग पहिलं वाक्य, प्रत्येक गावात, न चुकता: "मी या गावचा मतदार नाही. तुमच्या सभेत बसायचा मला हक्क नाही. मी बसलो तर कोणाची हरकत?" आणि थांबायचे. लोक एकमेकांकडे बघायचे, कोणी खोकायचं, एखादं पोर फिदीफिदी हसायचं. कोणी कधी हरकत घेतली नाही. परतताना मी म्हणायचे, "सर, हे कशाला दर वेळी?" ते म्हणायचे, "शैलाबाई, एखाद्या गावात एखादा हात वर होईल ना, तेव्हा समजायचं आपलं शिकवून झालं."

एकदा आम्हाला पैसे देणाऱ्या संस्थेचे साहेब दिल्लीहून आले. सर त्यांना पेठकडच्या एका पाड्यावर घेऊन गेले, मॅडम आणि मी सोबत. साहेबांनी हिंदीत विचारलं, गावात काय बदल झाला? सर म्हणाले, "आता थांबा." साहेब थांबले. घड्याळ बघितलं, पुन्हा थांबले. शेवटी कोपऱ्यातला एक म्हातारा उठला आणि साहेबांना म्हणाला, "तुमी कोन? कोनाला इचारून बसलात?" मॅडमचा चेहरा पांढराफटक. सर मात्र इतके खूश, की येताना जीपमध्ये स्वतःशीच मान हलवत होते. "विचारलं ना! कोनाला इचारून बसलात! वा!" मी एवढं खूश झालेलं त्यांना त्यानंतर पाहिलं नाही.

आता ते घोटीच्या पुढचं गाव. नाव घालत नाही. भाताचं गाव. तिथे बुद्धविहारामागे वस्ती आहे, आणि वस्तीतून स्मशानाकडे जाणारी वाट एका शेताच्या कडेने जाते. शेताचे मालक भातगिरणीवाले अण्णा. त्यांनी वाटेवर काटेरी कुंपण घातलेलं. पावसाळ्यात मयत झालं, की खांदेकऱ्यांनी गुडघाभर चिखलाच्या खाचरातून फिरून जायचं. कलाबाई पगारेंच्या सासूची तिरडी एकदा त्या चिखलात टेकली होती. हे मला कलाबाईंनीच सांगितलं, भांडी घासता घासता, शेजारच्या घरचं सांगावं तसं. विधवा बाई, साठीकडे आलेल्या. एकच मुलगा, राजू. तो पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे हायवेच्या कडेने पळायचा, आणि कलाबाई दारात बसून तो परत येईपर्यंत चहा गरम ठेवायच्या. घरात खाकी आली की अण्णाच काय, कोणीच आपल्याशी वाकडं बोलणार नाही, अशी त्यांची साधी समजूत.

सरांची शिकवायची रीत म्हणजे सराव सभा. आधी एक लुटुपुटीची ग्रामसभा घ्यायची, मग लोकांनी खरी घ्यायची. पण लुटुपुटीचं काही त्यांना खपायचं नाही. भोंग्यावरून पुकारा खरा, ग्रामसेवक खरा, सरपंच खरे, सह्या खऱ्या, आणि विषयही खरा. "खोटा विषय दिला की माणसं खोटं बोलतात," म्हणायचे. या गावात विषय निघाला स्मशानाच्या वाटेचा. सुरुवातीला सरांनी माइकवर सांगितलं, "आज आपला सराव आहे. पण सगळं खरं समजून करायचं." घड्याळ खिशात टाकलं आणि बाजूला उभे राहिले.

कलाबाई उठल्या. आयुष्यात पहिल्यांदा सभेत बोलत होत्या. पदर दातात धरलेला, तो काढला आणि म्हणाल्या, "आमाला मेल्यावर तरी नीट जाऊ द्या." बस, एवढंच. सरपंचांनी ठराव वाचला, वाट मोकळी करावी. सरांनी शिकवल्याप्रमाणे विचारलं, कोणाची हरकत? आणि थांबले. अण्णा समोरच खुर्चीत बसलेले. सगळं गाव त्यांच्याकडे बघतंय. अण्णा गप्प. खूप वेळ गप्प. मंजूर!

इथपर्यंत सगळं सरांच्या रीतीने झालं. मग मॅडमना फोटो हवा होता. वाटेच्या तोंडाशी सगळे उभे राहिले, आणि सरपंच म्हणाले, "नारळाशिवाय फोटो कसला?" फोटो म्हटला की नारळ, ही त्यांची सवय. कोणीतरी दुकानातून नारळ आणला. सरपंचांनी तो दगडावर फोडला. टाळ्या झाल्या. कलाबाईंनी खोबऱ्याचे तुकडे केले आणि पहिला सरांच्या हातावर ठेवला. सरांनी खाल्ला. मीही खाल्ला. आमच्याकडे नारळ फुटला की काम सुरू झालं, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. सरांना माहीत नव्हतं असं थोडंच? पण त्या दिवशी ते फार आनंदात होते. "आता खरी सभा पुढच्या महिन्यात," असं ते म्हणाले, तेव्हा लोक मसालेभाताच्या पातेल्याकडे वळले होते.

आठवडाभरात वस्तीतल्या पोरांनी कुंपण काढलं आणि वाटेवर मुरूम टाकला. पुढे राजू होता. अण्णांनी पोलिसात तक्रार दिली, शेतात घुसून नुकसान केल्याची. राजूवर गुन्हा दाखल झाला.

सर अण्णांच्या गिरणीवर गेले, मी सोबत होते. कोंड्याची धूळ उडत होती. अण्णा काही वाईट बोलले नाहीत. चहा पाजला. म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणालात ना, सराव हाय म्हणून? मी नाटक समजून गप्प बसलो. खऱ्या सभेत बसलो असतो का? आता माझंच कुंपण उपटून मलाच सांगता, तक्रार मागं घ्या?" सरांनी कप खाली ठेवला. उठताना ते नुसते म्हणाले, "चूक माझी आहे, पोराची नाही." अण्णा म्हणाले, "मग ते कोर्टात सांगा."

कोर्टात राजूच्या वकिलांचा सगळा भार एका गोष्टीवर होता. वस्तीला ती सभा खरी वाटली, ठराव खरा वाटला, म्हणून त्यांनी कुंपण काढलं. चोरी नाही, दंगा नाही, समजुतीची चूक. कलाबाईंनी तर साक्षीत हेच सांगितलं, "नारळ फुटला. सरांनी खोबरं खाल्लं. मंग खोटं कसं आसंल?" कोर्टातला पट्टेवालासुद्धा मान हलवत होता. मग सरकारी पक्षाने अर्ज करून सरांना साक्षीला बोलावलं. आदल्या दिवशी राजूचे वकील ऑफिसात येऊन बसले. म्हणाले, "सर, ते विचारणार, सराव आहे असं सांगितलं होतं का? तुम्ही खोटं नका बोलू. फक्त म्हणा, आठवत नाही. दोनच शब्द. इतक्या गावांत सभा घेता, कोणाला आठवतं?" सर पेनांशी खेळत राहिले. मी म्हटलं, "म्हणा ना सर. पोराचं आयुष्य आहे." ते माझ्याकडे बघत राहिले, जसे प्रिंटरकडे बघायचे तसे.

पिंजऱ्यात उभं राहण्याआधी त्यांनी सवयीने घड्याळ काढून खिशात टाकलं. सरकारी वकिलांनी विचारलं, "सभेच्या सुरुवातीला, हा सराव आहे, असं तुम्ही लोकांना माइकवर सांगितलं होतं का?" सर थांबले. कलाबाई बाकावर पदर दातात धरून बसलेल्या, राजू भिंतीला टेकून उभा. न्यायाधीशांनी मान वर केली. मी मनात म्हणत होते, आठवत नाही म्हणा, आठवत नाही म्हणा.

"आठवतंय," सर म्हणाले. "सांगितलं होतं."

पुढे त्यांनी नारळाचं सांगितलं, खरं समजून करा असं आपणच म्हणालो हे सांगितलं, चूक आपली हेही सांगितलं. ते सगळं लिहून घेतलं गेलं. पण सराव आहे हे लोकांना सांगितलं होतं, एवढं एकदा नोंदलं गेलं, की बाकीचं कोण बघतो? राजूला तुरुंग झाला नाही. चांगल्या वर्तणुकीची हमी घेऊन सोडलं. पण दोषी ठरला, आणि दोषी माणसाला पोलिसात कोण घेणार? अपील केलं आहे. ते चालू आहे. राजूचं भरतीचं वय निघून गेलं. गोंद्याच्या एका कंपनीची बस चालवतो.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात कलाबाई सरांच्या समोर आल्या. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, राजूला दिली, आणि सरांकडे नुसतं बघून निघून गेल्या. मी सरांवर चिडले होते का? हो, चिडले होते. त्यांनी खोटं बोलायला हवं होतं का? आजही सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना धरून बसल्या आहेत, एकही सुटत नाही, म्हणून तर हे असं बधिर.

त्यानंतर ऑफिसात चहा न विचारता यायला लागला. सर दारात उभे राहीनासे झाले. आम्हीच कधी मुद्दाम म्हणायचो, "सर, पंखा लावतोय, कोणाची हरकत?" ते ऐकू न आल्यासारखे करायचे. एकच गोष्ट त्यांनी सोडली नाही. त्या वाटेसाठी ते तहसील कार्यालयात, पंचायतीत खेटे घालत राहिले. जुने नकाशे काढले, ती वाट पूर्वापार आहे हे अण्णांनाच दाखवलं, आणि खरी ग्रामसभा लावून घेतली. मॅडम म्हणाल्या, "देवरे, आता बास." सर म्हणाले, "खरी राहिली आहे ना."

त्या सभेला आम्ही गेलो. शाळेचा हॉल गच्च भरलेला. अण्णा पुढच्या खुर्चीत, वस्ती डाव्या हाताला सतरंजीवर. सरांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. बऱ्याच दिवसांनी मी ते बघत होते. आणि म्हणाले, "मी या गावचा मतदार नाही. तुमच्या सभेत बसायचा मला हक्क नाही. मी बसलो तर कोणाची हरकत?"

आणि थांबले.

कोणी खोकलं. सरपंचांनी तोंड उघडलं, तर सरांनी हातानेच त्यांना थांबवलं. मी सतरंजीकडे बघितलं. कलाबाईंनी दातातला पदर काढला होता. त्यांचा हात वर होता.

"माझी हाय," त्या म्हणाल्या.

हॉलमध्ये एकदम कुजबुज. सरपंच म्हणाले, "अहो कलाबाई, त्यांनीच तर हे सगळं…" सर म्हणाले, "थांबा. त्यांची हरकत आहे." आवाज नेहमीसारखाच. राग नाही, दुःख नाही, काही नाही. त्यांनी खिशातून घड्याळ काढलं, मनगटावर बांधलं, पिशवी उचलली, आणि माणसांच्या मधून वाट काढत बाहेर गेले. मी उठायला लागले, तर कलाबाई म्हणाल्या, "ताई, तुमी बसा. तुमची नाय."

ठराव वाचला गेला. सरपंचांनी हरकत विचारली आणि थांबले. या वेळी अण्णा चुळबुळले, घसा खाकरला, चष्मा पुसला. पण त्यांचा हात वर झाला नाही. मंजूर झालं. वाटेच्या तोंडाशी नारळ फुटला. कलाबाईंनी खोबरं वाटलं. माझ्या हातावर एक तुकडा ठेवला. मी हात तसाच पुढे धरून ठेवला, सरांच्या वाट्याच्या तुकड्यासाठी. त्यांनी रस्त्याकडे एकदा बघितलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या.

मी फाट्यावर गेले. सर बाभळीखाली उभे होते, घोटीच्या जीपची वाट बघत.

"झालं, मंजूर झालं," मी म्हटलं.

"विचारल्यावर थांबले का?"

"थांबले."

"बराच वेळ?"

"बराच."

त्यांनी मान हलवली. मी खोबऱ्याचा तुकडा पुढे केला. त्यांनी तो बघितला.

"तुम्हाला दिलाय ना त्यांनी," ते म्हणाले. "तुम्ही खा."

जीप आली. मला ऑफिसची गाडी घ्यायला येणार होती, म्हणून मी थांबले. ते मागे, दाराशी बसले, पिशवी मांडीवर घेऊन. जीप वळेपर्यंत त्यांचा पांढरा शर्ट दिसत होता. त्याच महिन्यात त्यांनी संस्था सोडली आणि ते नामपूरला निघून गेले. त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही.

तो तुकडा मी तिथेच, फाट्यावर उभी राहून खाल्ला. कसा लागला, आठवत नाही.